सुटीचा दिवस, छंद आणि आपला मुलूख

मागच्या व्याख्यानात आपण 'काम' या कल्पनेबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्याने उभं राहून विचारलं, "सर, कामाचं समजलं, पण सुटीचं काय? आमची मुलं म्हणतात, चंद्रपुरात सुटीत करण्यासारखं काही नाही. रविवार आला की नागपूरचा मॉल, नाहीतर मोबाईल." प्रश्न साधा होता, पण आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज तोच प्रश्न घेऊ.

आधी एक कबुली द्यायला हवी. आम्ही पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यात ॲरिस्टॉटलचा सवडीविषयीचा विचार दरवर्षी शिकवला. परीक्षेत त्यावर प्रश्न काढले, उत्तरं तपासली, गुण दिले. आणि सेवानिवृत्त झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच लक्षात आलं, की सवड म्हणजे काय हे आम्हाला काडीइतकंही कळलेलं नव्हतं. सकाळी सातला अंघोळ करून, शर्ट-पँट घालून आम्ही खुर्चीत बसायचो. कुठे जायचं नसायचं. पेपर दोनदा वाचून व्हायचा. घरात कोणी काही काम सांगितलं तर राग यायचा, नाही सांगितलं तर जास्त राग यायचा. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण आम्ही वर्गात हसत हसत सांगत असू. तो न्हावी आता आमच्याच घरात राहायला आला होता.

तर, शब्दांपासून सुरू करू. ती आमची जुनी खोड. मराठीत 'रिकामपण' वेगळं, 'सवड' वेगळी. रिकामपण आपोआप येतं, सवड काढावी लागते. आपण 'सवड काढली' म्हणतो, 'रिकामपण काढलं' कोणी म्हणत नाही. तसंच 'छंद' आणि 'नाद'. माणूस छंद जोपासतो. नाद मात्र त्याला लागतो. ग्रीकांकडे सवडीला 'स्कोले' असा शब्द होता आणि त्यावरूनच पुढे इंग्रजीतला 'स्कूल' आला. म्हणजे शाळा हा शब्द मुळात सवडीतून निघाला, ही गोष्ट शाळेतल्या कोणत्याही मुलाला खरी वाटणार नाही. ॲरिस्टॉटलचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण कामात गुंततो ते शेवटी सवड मिळावी म्हणून. पण तो पुढे एक बारीक भेद करतो. करमणूक म्हणजे सवड नव्हे. करमणुकीने थकवा जातो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. म्हणजे करमणूकही कामाचीच चाकर झाली. सवड ती, जी दुसऱ्या कशासाठी नसते.

हे ऐकायला छान वाटतं. पण ॲरिस्टॉटलच्या अथेन्समध्ये या सवडीखाली गुलामांचे हात होते, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. कोणाची तरी सवड दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर उभी असते. हा मुद्दा डोक्यात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आपला रविवारही आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं झगडून तो मिळवला. 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुटी लागू झाली. रविवार हा खंडोबाचा वार, शिवाय आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी आणि समाजासाठी हवा, अशी त्यांची मांडणी असल्याचं सांगतात. तोवर गिरणीतल्या माणसाला आठवडा होता, पण आठवड्याला शेवट नव्हता. आपल्याकडे बल्लारपूरची कागद गिरणी आणि दुर्गापूर, लालपेठच्या कोळसा खाणी इथल्या कामगारांना साप्ताहिक सुटीचं मोल सांगावं लागत नाही. पण गडचिरोलीच्या आतल्या गावांत अजूनही रविवारचं विशेष काही नाही. तिथला सुटीचा दिवस म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. मीठ, मिरची, बांगड्या घ्यायच्या. पण त्याहून मोठं म्हणजे पाहुण्यारावळ्यांना भेटायचं, सोयरिकीचं बोलायचं, झाडाखाली बसायचं. त्याला सहल म्हणत नाहीत इतकंच.

तर आमचं काय झालं ते सांगतो. आमच्यासारखेच पाच-सहा निवृत्त लोक होते. एक बँकेतले, एक वीज केंद्रातले, दोन शिक्षक, एक पोस्टातले. सगळे घरी तुंबड्या लावणारे. ठरलं असं, की दर रविवारी सकाळी कुठेतरी जायचं, डबा घेऊन जायचं आणि दुपारच्या उन्हाआधी परत यायचं. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे हौस चालत नाही. दुसरा नियम पोस्टातल्या मित्राने घातला: नवं ठिकाण महिन्यातून एकदाच. बाकी रविवारी पाहिलेल्या ठिकाणीच पुन्हा जायचं. तेव्हा आम्हाला तो कंजूषपणा वाटला. आता वाटतं, आमच्या साऱ्या पुस्तकांपेक्षा त्या नियमाने आम्हाला जास्त शिकवलं.

सुरुवात घराजवळून केली. चंद्रपूरचा परकोट. गोंड राजांनी बांधलेल्या या भिंतीच्या आत आमचं आयुष्य गेलं. जटपुरा गेटमधून आम्ही किती हजार वेळा स्कूटर काढली असेल. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे कोणीही सांगेल. पण खिडक्या विचारा. दरवाजांखेरीज भिंतीला लहान वाटा आहेत, त्यांना खिडकी म्हणतात: विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, बगड खिडकी, चोर खिडकी, मसाण खिडकी. नावांवरूनच गाव कळतं. देव कुठून येतो आणि प्रेत कुठून जातं. आणि दरवाजावरचं ते शिल्प, हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंह, गोंड राजांचं चिन्ह. साठ वर्षं त्याखालून गेलो. मान वर केली ती निवृत्तीनंतर.

या भिंतीचा बराच भाग झुडपांनी आणि कचऱ्याने गिळला होता. 2017 साली इको-प्रो या इथल्या संस्थेच्या तरुणांनी ती साफ करायला घेतली आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी श्रमदान केलं. पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. पुढे त्यांनी रविवारी सकाळी लोकांना भिंतीवरून फिरवून आणणं सुरू केलं. आम्ही म्हातारे त्यांच्या मागून हळूहळू गेलो. भिंतीवरून शहर वेगळंच दिसतं. एका बाजूला धुण्याच्या दोऱ्या, दुसऱ्या बाजूला नदी. झरपट आता नाल्यासारखी झाली आहे, हेही वरूनच नीट दिसतं.

त्याच फेरीत लालपेठकडची ती अजस्र दगडी शिल्पं. किती जणांनी पाहिली आहेत, हात वर करा... बघा, एवढ्या मोठ्या सभेत सात-आठ हात. रायप्पा नावाच्या वैश्याने म्हणे मोठं देऊळ बांधायचं योजलं, मूर्ती घडवल्या आणि देऊळ होण्याआधीच तो गेला. लोक त्याला अपूर्ण देवालय म्हणतात. दशमुखी दुर्गा, मोठं शिवलिंग, आणखी कितीतरी मूर्ती, सगळं उघड्यावर. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही फोटो काढून दहा मिनिटांत निघालो. चौथ्यांदा गेलो तेव्हा दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दिसल्या; कुठे कारागिराने हात थांबवला ते दिसलं. पहिल्या खेपेलाही त्या तिथेच असणार.

भद्रावती, मार्कंडा ही नावं तुम्हाला पाठ आहेत, म्हणून भरभर सांगतो. भद्रावतीला लोक जैन मंदिर आणि भद्रनाग करून परत येतात. विजासनची बौद्ध लेणी बघा. टेकडीत सरळ आत गेलेला लांब बोळ, टोकाला अंधारात बसलेले बुद्ध, आणि दोन्ही बाजूंना तसेच आणखी दोन बोळ. आत डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. मोबाईलचा दिवा लावलात तर बॅटरी वाचणार नाही आणि बुद्धही दिसणार नाहीत. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत जाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, जत्रा ही जत्राच. पण एकदा जत्रेनंतर पंधरा दिवसांनी जा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते. 1870 च्या दशकात कनिंगहॅम तिथे आला आणि देवळांवरची शिल्पं पाहून त्याला खजुराहो आठवलं. आमच्या वीज केंद्रातल्या मित्राला मात्र देवळांपेक्षा नदीतल्या गोट्यांचं वेड. त्याने खिशातून आणलेल्या दगडांनी घरचा अर्धा ओटा भरला आहे आणि त्यावरून घरात खटके उडतात. पण त्याच्यामुळेच आम्हाला कळलं, की भूगोलात शिकवतात ते 'गोंडवन' हे प्राचीन महाखंडाचं नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच पडलं. एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने 1885 साली ते वापरलं. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया आपल्या गावच्या नावाने जोडले गेले आहेत, आणि आपण म्हणतो, इथे बघण्यासारखं काय आहे!

आता आमच्या स्वतःच्या छंदाबद्दल. पक्षी ओळखायला नजर लागते, ती आमची गेलेली. दगड उचलायला कंबर लागते. म्हणून आम्ही एकच झाड धरलं. मूल रस्त्याकडे, जंगलाला लागून असलेल्या एका बांधावरचा मोह. एक दोनशे पानी वही घेतली. पानगळ कधी, पहिली फुलं कधी, पालवी कधी, टोळंब्या कधी पिकल्या, कोणते पक्षी आले. तारीख आणि एक-दोन ओळी. दोन वर्षांत त्या झाडाशी अशी ओळख झाली, की आम्ही घरात 'आमचा मोह' म्हणू लागलो.

तिसऱ्या वर्षी मार्चच्या शेवटी पहाटे तिथे पोचलो, तर झाडाखाली जागा झाडून स्वच्छ केलेली आणि पन्नाशीच्या एक बाई वाकून फुलं वेचताहेत. बाजूला टोपली. आम्ही चार जण माना वर करून फांद्यांकडे बघत उभे. त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोहा त खाली पडते, तुमी वरते का पायता जी?"

आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग आम्ही वही दाखवली, कौतुकाने सांगितलं की या झाडाच्या नोंदी ठेवतो. त्या म्हणाल्या, "हे झाड आमच्या वाट्याचं हाये, सासऱ्याच्या वक्तापासून." गावात कोणत्या घराने कोणता मोह वेचायचा हे ठरलेलं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. आमचा मोह आमचा नव्हता. मग त्यांनी विचारलं, "मंग यातून तुमाले का भेटते?"

सत्तरीकडे झुकलेला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक बांधावर उभा, आणि त्याला आपल्या विषयातला सर्वांत मूलभूत प्रश्न फुकट मिळालेला. आम्ही काहीतरी पुटपुटलो, "मन रमतं" वगैरे. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, पाहुण्याला उगाच का दुखवा म्हणून. त्या बाईंचं त्या झाडाखालचं काम आणि आमची सवड एकाच जागी, एकाच वेळी उभी होती. ॲरिस्टॉटलचा तो मुद्दा आम्ही वर्गात पस्तीस वेळा सांगितला होता. बांधावर तो पहिल्यांदा समोर येऊन उभा राहिला.

पुढे आमची ओळख वाढली. त्या वाळवलेला मोह व्यापाऱ्याला विकतात, थोडा घरी ठेवतात. उन्हाळ्यात हातात येणारे रोख पैसे मुख्यतः मोह आणि तेंदूपत्त्याचे. फुलं पहाटे गळतात, म्हणून पहाटेच जावं लागतं. उशीर केला तर गुरं आणि हरणं खाऊन जातात. आणि पहाट ही वाघाचीही वेळ. वाकून वेचणारा माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, असं जाणकार सांगतात. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पेपरात येणाऱ्या त्या बातम्या, 'मोहफुलं वेचायला गेलेली महिला ठार', आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. एका वर्षी त्याच पट्ट्यात त्यांच्या नात्यातला माणूस गेला. त्या हंगामात आम्ही गेलो तेव्हा बायका एकटीदुकटी येत नव्हत्या. आठ-दहा जणी मिळून, डबे वाजवत. आमच्याकडे बघून हसल्या नाहीत. आम्हीही थांबलो नाही.

त्या रविवारी परतताना आमच्यात चांगलाच वाद झाला. बँकेतले मित्र म्हणाले, आता इकडे येणं बरं नाही. लोक जिवावर उदार होऊन येतात तिथे आपण वही घेऊन उभं राहायचं, हे शोभत नाही. शिक्षक मित्र म्हणाले, आपण गेलो नाही तर त्यांना काय फायदा? उलट माहीत तरी होतं. आमचं स्वतःचं मत आजही दोन्हीकडे जातं. आम्ही पहाटे जाणं बंद केलं, कारण आमच्या काळजीने कोणाला थांबावं लागू नये. नऊनंतर जातो. झाड तेच आहे.

ताडोबाबद्दल विचारणार तुम्ही, माहीत आहे. ताडोबाला जरूर जा. 1955 साली झालेलं राष्ट्रीय उद्यान, 1995 साली व्याघ्र प्रकल्प, जगभरातून लोक येतात. पण तिथून परतणाऱ्या माणसाला 'काय पाहिलं' विचारा. वाघ दिसला तर सांगतो, नाही दिसला तर 'काहीच नाही' म्हणतो. हजारो रुपये मोजून, तीन-चार तास जंगलात फिरून काहीच नाही! साग, ऐन, बांबू, तलावावरचे पक्षी, वारुळं, हे सगळं 'काहीच नाही' या दोन शब्दांत जमा. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे. त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव आलं, आणि आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे पूजेला येत आले. गाभ्यातली नवेगाव, जामणी अशी गावं आता बाहेर वसवली गेली आहेत. जिप्सीतून जाताना त्या गावांच्या जागी गवताची माळरानं दिसतात आणि गाईड सांगतो, इथे वाघ चांगला दिसतो. शक्य असेल तर गाईडला वाघाखेरीज एक प्रश्न विचारा: तुमचं गाव कोणतं? बहुतेक गाईड आसपासच्या गावांतलेच असतात. आमची एक सफारी या एका प्रश्नावर तीन तास चालली आणि वाघ दिसला की नाही ते आठवतसुद्धा नाही.

मुलांचा प्रश्न राहिला. मुलांना दगड, लेणी, मोह यांत रस नसेल तर त्यांना थंडीच्या दिवसांत झाडीपट्टीचं नाटक दाखवा. धान कापून झालं, दिवाळी उलटली, की वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी भागांत गावोगावी नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे ओळीने आहेत. मंडई असो की शंकरपट, त्या रात्री गावात नाटक हवंच. 2014 साली बैलांच्या शर्यतीवर बंदी आली तेव्हा पटावर अवलंबून असलेल्या नाटकांनाही झळ बसली. आता पट पुन्हा भरतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. का? लोक सांगतात, दूरदूरच्या गावांहून आलेला माणूस मध्यरात्री जंगलातून परत कसा जाणार? उजाडेपर्यंत नाटक चाललं पाहिजे. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव कळलं. आम्ही तिथे घोंगडी पांघरून बसलो आहोत. शेजारी बसलेल्या माणसाने सकाळी धान मळलं होतं आणि दुसऱ्या दिवशीही त्याला काम होतं. ती त्याची सवड. तिच्यासाठी त्याने झोप दिली होती, आणि नाटकात रडायच्या जागी तो मोकळेपणाने रडत होता. आम्ही नव्हतो रडत. आम्ही संवादफेकीचा विचार करत होतो. शिकलेल्या माणसाचं असंच होतं.

आणखी एक ठिकाण सांगतो, पण ते सहलीचं नव्हे, बोलावलं तरच जायचं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. 2009 साली या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणाही माहीत आहे. आम्हाला त्यांच्याकडची वेगळीच एक गोष्ट भावली. तिथे ग्रामसभेखेरीज अभ्यासगट असतो. निर्णय घ्यायचे ते ग्रामसभेत, सर्वसहमतीने. अभ्यासगटात मात्र निर्णय घ्यायचा नसतो. फक्त बसायचं, समजून घ्यायचं, बोलायचं, बाहेरच्या माणसालाही विचारायचं. ज्या बैठकीतून लगेच काही काढायचं नाही अशी बैठक. ग्रीक शब्द 'स्कोले' आम्ही पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिला. त्याचा अर्थ शेतकऱ्यांच्या त्या बैठकीत जास्त स्पष्ट दिसतो.

तेव्हा, ज्यांनी मागच्या वेळी प्रश्न विचारला होता ते आज आले असतील तर त्यांना एवढंच सांगतो, की मुलांना घेऊन येत्या रविवारी सकाळी सहाला पठाणपुरा गेटपाशी या. भिंतीवर चढू. टोपी आणा, पाणी आणा, डब्यात काही आणलंत तर आमची हरकत नाही. मुलं कंटाळली तर तासाभरात परत पाठवू. मात्र त्यांना महिनाभराने पुन्हा एकदा आणा.

आमची वही इथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांना चाळायची त्यांनी चाळावी, फक्त पानं सैल झाली आहेत, जपून. यंदाच्या पानावर पहिल्या फुलांची तारीख आहे, पण ती आम्ही पाहून लिहिलेली नाही. आम्ही नऊला पोचलो तेव्हा टोपली भरलेली होती. तारीख त्या बाईंनी सांगितली, आणि आम्ही ती बरोबर लिहितो की नाही हे बघायला त्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या.